जजसाहेबांसाठी आणलेला जिताडा

"हे काय आहे?" मी विचारलं.

"जिताडा हाय मॅडम. ताजा."

पनवेल कोर्टाच्या पार्किंगमध्ये माझा अशील नामदेव थर्माकोलचा बॉक्स घेऊन उभा होता. थोड्याच वेळात त्याच्या अपिलाची सुनावणी होती.

"माझ्यासाठी?"

"तुमाला मागनं देतो. ह्यो जजसायबांना."

साहेबाकडे काम असलं की जिताडा, म्हणजे इथला सगळ्यात भाव खाणारा मासा, पोचवायचा, ही आमच्या भागातली जुनी रीत. कोणाकोणाकडे पोचतो ते लिहीत नाही, मला इथेच प्रॅक्टिस करायची आहे. पण जजना मासा देणं म्हणजे चोरीच्या केसवर लाचेची केस फुकट.

गंमत म्हणजे चोरीसुद्धा जिताड्याचीच होती. नामदेव पळस्प्याजवळच्या गावातला. लेकीचे होणारे सासरचे जेवायला यायचे होते आणि बाजारात मनासारखा मासा मिळेना. पठ्ठ्याने चुलतकाका बाळाराम यांच्या तळ्यात पहाटे जाळं टाकलं. दोघांनी पाहिलं. काकांनी फिर्याद दिली. खालच्या कोर्टात नामदेव शेवटपर्यंत "मी नाय त्यातला" म्हणत राहिला आणि एक महिन्याची कैद झाली. अपील म्हणजे ती शिक्षा वरच्या कोर्टाने पुन्हा तपासायची. तोवर तो जामिनावर होता. अपील फेटाळलं तर थेट जेल, आणि लेकीची हळद पुढच्या आठवड्यात.

नव्या कायद्यात एक सोय आहे. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर जेलऐवजी समाजसेवा. मी नामदेवला गुन्हा कबूल करायला राजी केलं होतं. पण भरपाई द्यायला काकांच्या दारात जायला तो तयार नव्हता.

काका कँटीनबाहेरच्या बाकावर बसले होते. मी बॉक्सकडे पाहिलं, मग काकांकडे.

"हा मासा त्यांना दे."

"नाय जमनार. कोर्टात खेचलाय त्यांनी मला."

"मग हळदीला जेलमध्येच बस."

गेला बिचारा. मी मागोमाग. काकांनी झाकण उघडून मासा नीट पाहिला.

"कुटून आनलास? माज्याच तल्यातून?"

"इकत घेतलाय काका. चुकलं माजं."

काकांनी झाकण परत लावलं. मग म्हणाले, "मागितला असतास तर जाळं मीच टाकलं असतं. पोर काय एकट्या तुजीच हाय?"

नामदेव रडायलाच लागला. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले. पण आत पुकारा व्हायची वेळ झाली होती. मी घाईघाईने पुरसिस लिहिली. पुरसिस म्हणजे कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन. काकांनी सही केली.

जजनी वाचलं. "माल परत मिळाला? तोच मासा?"

"नाही सर. तो पाहुण्यांनी खाल्ला. हा बदली आहे."

सरकारी वकिलांनी तोंड फाइलमागे लपवलं. जज हसू दाबत काकांकडे वळले. "तुमची हरकत?"

"नाय सायब. पन याला काम लावा जरा."

दोषी ठरवण्याचा निकाल कायम राहिला. कैद रद्द झाली. त्याऐवजी सरकारी दवाखान्याच्या आवारात तीन दिवस झाडलोट. नामदेवने हळदीआधी ती उरकली, आणि काका रोज देखरेखीला हजर.

साक्षीदार, पंचनामा, कलमं, सगळं खालच्या कोर्टात तपासलं गेलं होतं. काकांना नक्की काय हवंय, एवढंच कोणी विचारलं नव्हतं. आता मी फिर्यादीला तेच आधी विचारते. अर्ध्या केसेस तिथेच मिटतात, त्यामुळे अपिलाची फी बुडते.