पेंटरभाऊंनी न काढलेला छ

मशीनमधून फ्लेक्स बाहेर यायला लागला की पेंटरभाऊ चष्मा काढून खिशात ठेवत आणि विचारत, "नाव कोन्हाचं हाये?" ओळखीचं नसलं, तरच चष्मा पुन्हा नाकावर चढे.

अमरावतीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. तुमच्याही चौकातला एखादा बोर्ड इथूनच गेला असेल. भाऊ मूर्तिजापूरहून येत. हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली, मग फ्लेक्स आले आणि ब्रश सुटला. तेव्हा त्यांनी कागदावर एका नव्या वळणाचं अक्षर, म्हणजे फॉन्टच, काढलं आणि मी ते कॉम्प्युटरवर चढवलं. उभा दांडा अंगठ्याएवढा जाड, वेलांटी केसासारखी बारीक.

काढलं होतं संत्र्याच्या पेट्यांसाठी. पण ते इतकं ठसठशीत की धावत्या एसटीतूनही वाचता येई. लोकांनी ते श्रद्धांजलीच्या बोर्डांसाठी उचललं आणि मग ते तिथलंच झालं. वाढदिवसाला कुणी मागितलं की भाऊ हात जोडत. "जित्या मानसाले हे नोको, साहेब." एका पुढाऱ्याने हट्टाने आपलं नाव त्यात छापून घेतलं. तो आजही ठणठणीत आहे. वर्षभर झोप उडाली ती भाऊंची. आले की आधी त्याची तब्येत विचारत.

त्या अक्षरात छ नव्हता. छत्रपतींच्या जयंतीचे बोर्ड दरवर्षी हातचे जात आणि मी चिडायचो. भाऊ खाली बघून म्हणत, "मनासारखा जमून नाही राह्यला."

एका दुपारी अकोल्याहून फोन आला. भाऊंची एकुलती एक लेक छाया तिथे दवाखान्यात होती. तिचं हृदय जन्मापासूनच नाजूक. भाऊ दुकानातच होते, मी लगेच गाडी काढली. रस्त्यात बोर्ड दिसला की ते डोळे मिटून घेत.

"छ काहाडला का तिचं नाव लिवता येते, दादा," ते मधेच म्हणाले. "म्हून नाही काहाडला."

मला हसू आलं नाही. पुढच्या चौकात आमच्याच दुकानातला बोर्ड होता, तेव्हा मीही नजर वळवली. खूप भीती वाटली मला.

छाया बरी झाली. गेल्या उन्हाळ्यात भाऊच गेले, झोपेतच. बोर्ड मी केला, सगळा त्यांच्याच अक्षरात. खाली शोकाकुल म्हणून छाया लिहायला गेलो, तर छच्या जागी रिकामा चौकोन उमटला. एक छ मलाही काढता आला असता. हात धजला नाही. तिचं नाव मी कॉम्प्युटरमधल्या साध्या, किरट्या अक्षरात टाकलं.

बोर्ड लागला तेव्हा छाया खाली येऊन उभी राहिली.

"सारं बाबाच्या अक्षरात, मंग माहंच नाव असं काहून, काका?"

"तुह्या बाबानं छ काहाडलाच नाही, बाई. तुह्यासाठीच."

ती वर बघत राहिली. बापाच्या जाड काळ्या नावाखाली तिचं नाव जवळूनही कसंबसं वाचता येत होतं. रस्त्यापलीकडून तर ते दिसतही नव्हतं.