चाळीस खोक्यांनंतरचा दम

आमची धम्मदिना कुणाच्या अध्यात ना मध्यात. भिवंडीच्या ज्या गोदामात मी डिस्पॅचला आहे, तिथेच ती कॉम्प्युटर सांभाळते, आणि तिची आई, कलावतीमावशी, खाली रॅकमधून खोकी उचलते. दोघी खारबावहून एकत्र येतात. बायकांच्या हातात स्कॅनर असतो. कुठलं खोकं उचलायचं ते तो सांगतो, आणि त्याने काय सांगायचं ते धम्मदिना लिहिते.

पूर्वी ते सगळं इंग्रजीत होतं, सुपरवायझरला ओ की ठो कळायचं नाही. म्हणून हिने नेटवरून एका छोट्या भाषेच्या इंटरप्रिटरचा, म्हणजे लिहिलेले हुकूम वाचून मशीनकडून करून घेणाऱ्या प्रोग्रामचा, सोर्स कोड उतरवला आणि त्यात आपले शब्द घालायला घेतले. उचल. ठेव. कंपाइल झालं, म्हणजे त्या कोडचा चालता प्रोग्राम बनला, पण 'ठेव' काही चालेना. त्या मेल्याला ठ कळायचा, वरची मात्रा आली की अडायचा. त्या एका मात्रेपायी ही तीन दिवस धड जेवली नाही. चौथ्या दिवशी चाललं तेव्हा मला मिठी मारून नाचली, बाई!

तिसरा शब्द मावशीने दिला. गुडघे धरून म्हणाली, "उचल हाय, ठेव हाय, मंग दम खायाचा शब्द न्हाय का गं?" हिने लगेच 'दम' घातला. चाळीस खोकी झाली की स्कॅनर तीन मिनिटं बंद, बायकांनी बसायचं.

गोदामाच्या साहेबांनी विचारलं, "कुणाला दम देतेस?"

"द्यायचा नाही साहेब, खायचा."

साहेब हसले आणि हो म्हणाले.

मग तिला आठ दिवस ट्रेनिंगला पुण्याला पाठवलं. जाताना सोर्स कोड तिने शेजारच्या टेबलवरच्या धनेशच्या हवाली केला. कंपाइल कसं करायचं ते त्याला हिनेच शिकवलेलं, स्वतःच्या डब्यातलं खाऊ घालून.

परत आली तर मावशी बोलेना. खालच्या बायका तोंड फिरवायला लागल्या. शेवटी त्यांच्यातली रंगूबाई फाडकन म्हणाली, "तुझा दम दिसतो, मिलत न्हाय." खरंच, पडद्यावर 'दम' यायचा आणि पापणी मिटायच्या आत पुढचं खोकं हजर.

हिने आपले हुकूम तपासले. सगळं जागच्या जागी. चाळीस खोकी, मग दम, तीन मिनिटं. वाचणाऱ्याला काडीचा संशय येणार नाही. मग तिने इंटरप्रिटरचाच सोर्स कोड उघडला, जिथे कुणी बघायला जात नाही. 'दम'च्या आतली थांबायची ओळच उडवलेली! शब्द नुसता दाखवायचा, थांबायचं नाही. आणि फाइलीच्या माथ्यावर लिहिणारीचं नाव मात्र तसंच. धम्मदिना.

माझं डोकं फिरलं. मी धनेशला तिथेच धरला.

"साहेब बोलले, थांबण्यात वेळ जातो, ते काढ, पण शब्द राहू दे, नाहीतर बायका बोंबलतील," तो म्हणाला. "और नाम तो उसीका रखा ना? क्रेडिट तिचंच."

हरामखोर! बायकांनाही त्याने हेच सांगितलेलं, की धम्मदिनानेच असं करून दिलंय. आणि मावशीने ते खरं मानलं होतं.

धम्मदिना सरळ कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. ओळ परत घातली, कंपाइल केलं, स्कॅनरवर चढवलं. "साहेबांनी कामावरून काढलं तर काढू देत," एवढंच मला म्हणाली. मग आम्ही दोघी खाली जाऊन रॅकपाशी उभ्या राहिलो.

मावशीची चाळीस खोकी झाली. पडद्यावर 'दम' आला आणि स्कॅनर खरोखर थांबला.

"आई, बस," धम्मदिना म्हणाली. "आता खरा हाय."

मावशीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एका हाताने गुडघा दाबत, दुसऱ्या हातात स्कॅनर धरून ती तिन्ही मिनिटं तशीच उभी राहिली, पुढचं खोकं कधी येतं ते बघत.