मिशरीचा वास

आज मळवलीच्या माझ्या दवाखान्याचं कुलूप काढताना शेजारच्या घरातून मिशरीसाठी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला आणि किल्ली हातातच राहिली.

मी डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. परदेशातून शिकायला आलेले विद्यार्थी आमच्याबरोबर पवनानगरच्या आरोग्य शिबिराला आले होते. मी मावळातलीच, म्हणून दुभाषी मी. भाताच्या खाचरातून थेट आलेली एक मावशी समोर बसली. पायाला चिखल, कमरेला खोचलेली मिशरीची डबी.

"तिखट खाल्लं की तोंडाची लय आग हुतीय," ती म्हणाली.

मी ते इंग्रजीत सांगितलं. तपासायला बसलेल्या परदेशी मुलीने लगेच विचारलं, "या तंबाखू वापरतात का?"

माझी आईसुद्धा रोज सकाळी मिशरी लावायची. मला एकदम लाज वाटली. मावशीला न विचारताच मी "नाही" म्हणून टाकलं. मुलीने ते विश्वासाने वहीत लिहून घेतलं.

"काय म्हनली गं ती?"

"काही नाही मावशी. तुम्ही छान बोलता म्हणाली."

"व्हय?" मावशी तोंडभर हसली. काळे दात दिसले, आणि गालाच्या आतला पांढरा चट्टा. मुलीची मान वहीतच होती.

गावाची अब्रू राखली, असं तेव्हा वाटलं होतं. आता प्रत्येक बाईला मी पहिला प्रश्न तंबाखूचाच विचारते. पण कॅन्सरची सुरुवात असू शकणारा तो चट्टा त्या दिवशी एकट्या मला दिसला होता, आणि मी पुढच्या पेशंटला हाक मारली होती.