रंधा माझा, धार दामोदररावांची

दामोदरराव बोरकर यांची पहिली ओळख झाली ती माझ्या रंध्यामुळे. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये ते शेजारी राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी रंधा मागायला दारात उभे! संध्याकाळी परत आणला तो पात्याला धार लावून. आमची सौ. म्हणाली, "पहा, याले म्हणतेत धार!" तेव्हापासून मला या माणसाचा हेवा वाटतो. आज त्यांच्या षष्ट्यब्दीच्या ग्रंथात तो आदरपूर्वक नोंदवून ठेवतो. कारखान्याच्या सुतारखात्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, ते येईपर्यंत.

वैनगंगेवर फिरवायला आपली स्वतःची मोटरबोट हवी, हे आधी मी म्हणालो होतो. डबा खाताना, चारचौघांत. बांधली कोणी? दामोदररावांनी! जुन्या मासिकातलं चित्र पाहून लांब नाकाची, सागवानी पट्ट्यांच्या डेकची, जुन्या थाटाची. करामत मात्र खालच्या अंगाला होती. आधी फळ्यांचा उपडा साचा, त्यावर शीतगृहाच्या भिंतीत घालतात तो फोम, आणि फोमच्या दोन्ही बाजूंनी राळेत, म्हणजे रेझिनमध्ये, भिजवलेलं फायबरग्लासचं कापड. आमच्याकडच्या उन्हाळ्यात राळ मगातच दगड होते, म्हणून ते पहाटे एकेक थर चढवीत आणि मग ड्युटीवर येत. कंटाळा नाही, चिडचिड नाही. असा माणूस शेजारी असणं किती जड जातं, ते माझं मलाच ठाऊक.

आपणही नाव बांधायची आणि त्यांच्या आधी पाण्यात उतरवायचीच, असं मी ठरवलं. फोम कुठून आणला हे विचारायला जीभ रेटेना. घरात गणपतीच्या मखराचा थर्माकोल होता, अड्याळच्या मेहुण्याकडूनही मखर आणवलं. घाईघाईत ठोकलेल्या साच्यावर ते तुकडे चिकटवले आणि वरून राळ फिरवली. अन् काय सांगू! थर्माकोल फसफसत विरघळला, अंगणभर वास सुटला. दामोदररावांनी कुंपणावरून पाहिलं. हसले असते तर बरं झालं असतं.

"अहो भाऊ, थर्माकोल राळेत टिकत नाही जी. मले काहून नाही विचारलं?"

"तुम्हाले कायले विचारू?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा उरलेला सगळा फोम माझ्या ओसरीवर होता. पुढे त्यांनी साचाही चौघांच्या खांद्यावरून आणून दिला. "याच्यावर तुमची काढा," म्हणाले. चांगुलपणातही पुढेच!

दामोदररावांची नाव पाण्यात उतरवली त्या दिवशी घाटावर मासेमार ढिवरांनी नारळ फोडला. नावेत बसवलेलं जुन्या जीपचं इंजिन धडधडलं आणि सगळ्यात आधी जाऊन बसली ती आमची सौ. कोणीतरी विचारलं, "हे सागवानी काम कोणाचं जी?" दामोदररावांनी सर्वांदेखत माझ्याकडे बोट केलं. "रंधा याइचा हाये." लोक माझ्याकडे कौतुकाने पाहू लागले आणि मला धड रागावताही येईना.

माझी नाव अजून अंगणात उपडी आहे. दर रविवारी दामोदरराव येतात, पॉलिश पेपर घेऊन सोबत घासत बसतात, न विचारता सल्ला देतात आणि तो बरोबर निघतो. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. डोळे, गुडघे शाबूत राहोत. वैनगंगेत माझी नाव त्यांच्या नावेच्या पुढे निघालेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आहे. तोवर कुठे जायचं नाही, दामोदरराव. आणि मला तर मुळीच घाई नाही.