चिमाजीनं उघडलेली फाइल

चिमाजी सांडभोर दिघीत एका खोलीत राहायचा आणि चाकणच्या एका कंपनीत ब्रेकच्या नळ्या तपासायचा. नळीत हवा भरायची, दाब टिकतो का बघायचं, टिकला तर नळी पुढं, न्हाई टिकला तर लाल क्रेटमध्ये. जन्म खेडच्या डोंगराकडचा आणि बोली तिथलीच. लाइनवरची पोरं चिडवायची, तरी त्यानं 'व्हय'चं 'हो' कधी केलं न्हाई. "आयनं दिलेलं तोंड हाय, गेट पास न्हाई बदलायला," म्हणायचा.

गेट पास मात्र बदलायचा. चिमाजी ठेक्यावरचा. सात महिने भरत आले की ठेकेदार ब्रेक द्यायचा. थोडे दिवस घरी बसवायचं, मग नवा पास, नवा नंबर, भरतीही नवी. काल आलेलं पोरगं आणि चिमाजी एका रांगेत उभे. असं किती वेळा झालं हे मोजायचं त्यानं सोडून दिलं होतं. त्याला एवढंच पाहिजे होतं, की कंपनीच्या हजेरीवर एकदा नाव चढावं आणि पुढच्या ब्रेकला ते निघू नये.

आशा लावली ती मृदुला मॅडमनी. त्या तपासणी खात्याच्या इंजिनियर, राहायला पिंपळे सौदागरला. दाबाचे आकडे मशीन पडद्यावर दाखवायचं आणि चिमाजी ते कागदावर उतरवायचा. एकदा कागदांचा गठ्ठा बघून मॅडम वैतागल्या. "हे आकडे आपोआप कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये का जात नाहीत? कुणी हे करून दिलं ना, तर त्याच्या परमनंटसाठी मी साहेबांशी भांडेन."

मॅडम बोलल्या त्या हवेत. चिमाजीनं ते झेललं.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. त्या दिवशी तो भोसरीच्या कॉम्प्युटर क्लासला जायला लागला. शिकवणारी तनुजा त्याच्या निम्म्या वयाची, पण डोकं थंड. चुकलं तरी फिदीफिदी हसायची न्हाई.

"काका, फाइलचं काम सोपं आहे," ती म्हणाली. "आधी उघडायची, काम करायचं, मग बंद करायची. आणि कशासाठी उघडताय ते उघडतानाच एका अक्षरात सांगायचं. आर म्हणजे नुसती वाचायला. डब्ल्यू म्हणजे लिहायला, पण कोरी करून. ए म्हणजे जुनं ठेवून त्याच्या खाली लिहायला."

"आन बंद करायची ऱ्हायली तर?"

"तर कधीकधी लिहिलेलं कॉम्प्युटरच्या पोटातच राहतं. फाइलमध्ये उतरतच नाही."

हे त्याला तिथंच पटलं. कणगीचं तोंड उघडं टाकलं की उंदीर शिरतात, हे बाळपणापासून ठाऊक. बंद करायची ओळ तो जन्मात विसरणार नव्हता.

"आणि डब्ल्यू जपून हं," तनुजा म्हणाली. "आत काय आहे ते विचारत नाही. पुसून मोकळा होतो."

"मंग बेसच की. फडकं मारायचं काम वाचलं."

तनुजा हसली. काका चेष्टा करतायत असं तिला वाटलं. काका चेष्टा करत नव्हते.

त्याच्या लाइनवर एक पांढरा बोर्ड होता. शिफ्टमध्ये किती नळ्या झाल्या, किती फेकल्या, ते त्यावर लिहायचं. नवी शिफ्ट आली की पहिलं काम म्हणजे ओल्या फडक्यानं बोर्ड पुसायचा. कालचा एक आकडा जरी राहिला तरी सुपरवायझर रोहिदास आईमाईवरून सुरू व्हायचा, "शिळं खातो काय रं तू?" चिमाजीच्या लेखी चांगल्या कामगाराची खूण हीच, की शिफ्ट लागली की आधी पाटी कोरी. म्हणून प्रोग्राम लिहिताना त्यानं डब्ल्यू लावला. विसरून न्हाई, समजून उमजून. बंद करायची ओळ तर दोन-दोनदा तपासली.

प्रोग्राम चालला. शिफ्टच्या सुरुवातीला सुरू करायचा, नळी तपासली की आकडा फाइलमध्ये. मॅडमनी शिफ्ट सुटताना फाइल उघडून बघितली. सगळे आकडे जागच्या जागी. दुसऱ्या दिवशीही तसंच.

"वा, चिमाजी! मग आता कागद बंद करा. एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची?"

रोहिदास म्हणाला, "काय सॉफ्टवेअरवाले, हिंजवडीला कधी निघाला? जाताना चहा पाजून जा, राव."

"तुमी नळ्या मोजा, भाऊ," चिमाजी म्हणाला. त्या आठवड्यात तो ताठ चालायचा.

मॅडमनी शब्द पाळला, त्याचं नाव वर पाठवलं. घरी बायकोनं, विजयश्रीनं विचारलं, "लागलं का नाव?"

"वर गेलंय."

"वर गेलेलं खाली येतंय का ते बघा आधी. येवढ्यात शेजारी सांगत फिरू नका."

तोवर तो सांगून बसला होता.

महिना उलटला आणि नळ्या घेणाऱ्या गाडीच्या कंपनीची माणसं आली. मागल्या महिन्यातल्या मालात गळती निघाली होती. तेव्हाचे दाबाचे आकडे दाखवा म्हणाले. मॅडम निवांत होत्या. "चिमाजी, फाइल उघडा जरा."

त्यानं उघडली. आत फक्त त्या सकाळचे आकडे.

"याच्या आधीचे?"

"आधीचं म्हंजी?"

"कालचे, परवाचे, मागच्या महिन्याचे!"

"ते पुसलं की, मॅडम. रोज शिफ्टला पुसतोच न्हवं का आपण."

रोहिदासनं बोर्डाकडं बघितलं, मग खाली. पाहुण्यांतल्या एकानं विचारलं, "कॉपी? कागद?" चिमाजीनं मॅडमकडं पाहिलं.

"बोर्ड वेगळा आणि रेकॉर्ड वेगळं, एवढंसुद्धा..." मॅडम सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. कागद बंद करा असं कुणी सांगितलं होतं, ते त्यांना आठवलं असणार. वर झाडाझडती झाली तेव्हा मात्र ते कुणाला आठवलं न्हाई. चिमाजीलाही कुणी विचारलं न्हाई.

सगळा माल परत आला. एकेक नळी हातानं पुन्हा तपासली, त्यात चिमाजीही होता. त्याच दुपारी त्यानं डब्ल्यू खोडून ए लावला. काम एका अक्षराचं.

गुरुवारी क्लासला तनुजा म्हणाली, "काका, मी सांगितलं होतं ना."

"सांगितलं व्हतं. म्या आयकलं बी व्हतं. हाताला पुसायचीच सवय, त्याला काय करू?" त्यानंतर तो क्लासला गेला न्हाई.

सात महिने भरले, ब्रेक आला. बाकीच्यांना ठेकेदारानं परत बोलावलं, चिमाजीचा फोन वाजला न्हाई. प्रोग्राम तिथं अजून चालतो, ए लावलेला, एक आकडा सांडत न्हाई. कुणी केला असं नवी पोरं विचारतही न्हाईत.

पुढं महाळुंग्याकडं दुसऱ्या ठेकेदारानं त्याला घेतलं. विचारलं, "कॉम्प्युटर येतो का?"

"न्हाई."

"आधी कुठं काम?"

"कुठंच न्हाई. नवा हाय."

पहिल्या सकाळी तिथल्या सुपरवायझरनं त्याच्या हातात ओलं फडकं दिलं. चिमाजीनं बोर्ड पुसला. कोपऱ्यात कालचा एक आकडा राहिला होता, तोही अंगठ्यानं घासून काढला.

"हां," सुपरवायझर म्हणाला, "असा माणूस पायजे."