मांजराचं नाव होतं

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर मी परत सोयीस्करपणे विसरून जाईन. पाच आठवड्यांपूर्वी इथे नेदरलँड्समध्ये, ब्रेडा स्टेशनबाहेर सायकलचं कुलूप उघडत होते आणि काकूचा फोन आला. "ऋतू, काका गेले गं. चहा घेता घेता..." पुढचं आठवत नाही. मला आठवलं ते एक मांजर. खरंच! काका गेले आणि डोक्यात आधी मांजर आलं, आणि इतकी लाज वाटली की तिथेच सायकल धरून रडले.

सुदामकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. वाखनिंगनला बटाट्याच्या रोगांवर संशोधन करायचे आणि शनिवारी जुने काउबॉय पिक्चर बघायचे. मी ब्रेडाहून जायचे, काकू पोहे करायची, आणि पिक्चर काही पुढे सरकायचाच नाही, कारण रिमोट काकांकडे. कोपऱ्यात एखादा काळा नोकर, मेक्सिकन आचारी, कपडे धुणारा चिनी माणूस दिसला की पॉज. "ह्याचं नाव काय?"

"काका, तो फक्त घोडा धरायला आलाय!"

"बरं. घोड्याचं नाव काय?"

ते मला माहीत असायचं. हीरोने दोनदा हाक मारलेली असायची. काका हसत सुटायचे. "बघ! घोड्याचं बारसं झालं, धरणाऱ्याचं राहिलं."

मग शेवटची नामावली संपेपर्यंत उठायचं नाही. तिथेही नाव नसलं की नोंद. बटाट्याच्या शेतात न्यायची तसलीच हिरवी वही, तसेच रकाने: पिक्चर, माणूस, काम, नाव. नावाच्या रकान्यात पेन्सिलीने गावाकडचं उसनं नाव. दौलत. भिवा. गंगूबाई. "खरं सापडलं की खोडू," म्हणायचे. डोक्याला पिसं लावून घोड्यांवरून धडाधड पडणाऱ्या एका अख्ख्या टोळीला त्यांनी नावं दिली होती, दोन पानं भरून.

मला हे इतकं भारी वाटलं की मी त्यावर छोटी फिल्म केली, आमच्या मराठी ग्रुपच्या दिवाळीत दाखवायला. काका वही दाखवतायत, काका बोलतायत, मांडीवर शेजारच्यांचं मांजर, ब्रॅम. आता खरं सांगते. त्या ग्रुपमध्ये मी 'ऋतुजा एस.' होते. पहिल्याच भेटीत एका ताईंनी "आडनाव काय गं तुझं?" विचारलं होतं, आणि आपल्यात त्या प्रश्नातून जात शोधतात हे मला काय नवीन नव्हतं. म्हटलं, "एसच म्हणा, डच लोकांना पूर्ण जमत नाही ना!" एकाही डच माणसाने कधी तक्रार केली नव्हती... तर नामावलीत 'सुदाम सोनकांबळे' टाइप केलं आणि वाटलं, कोणीतरी विचारणार, तुझे कोण? म्हणजे एस फॉर... डिलीट. एका सेकंदात.

दिवाळीला काकाही आले होते. फिल्म झाली, टाळ्या पडल्या, लोक फराळाकडे वळले. काका मात्र नामावलीसाठी बसून राहिले. संगीत, एडिटिंग, हॉलवाल्यांचे आभार, मांजर: ब्रॅम. संपलं. लाइट लागले आणि त्याच ताई आल्या, "अय्या, हेच का ते? तुझे कोण गं?"

"ओळखीचे आहेत," मी म्हटलं. काका शेजारीच उभे होते.

मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले तेव्हा काका म्हणाले, "मस्त झाली गं फिल्म. मांजराचं पण नाव घातलंस." टोमणा नव्हता... किंवा मला तसं मानायचंय. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "काकूसाठी चकल्या घेतल्या ना?"

सॉरी राहिलंच.

गेल्या शनिवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्यानंतर काकूने वही हातात दिली. शेवटची नोंद माझ्या फिल्मची. माणूस: चष्मेवाला म्हातारा. काम: वही दाखवणे. नाव... कोरं. सगळ्यांना उसनं नाव देणाऱ्या माणसाने तिथे पेन्सिल टेकवलीसुद्धा नव्हती. मी पेनने लिहिलं, सुदाम सोनकांबळे, माझे काका. फिल्म दुरुस्त करून ग्रुपवर टाकली, आणि ह्या लेखावरही माझं पूर्ण नाव छापायला सांगितलंय. पण नामावली शेवटपर्यंत वाचणारा एकच माणूस होता, आणि त्याने माझी वाचलेली आहे.

तुम्ही कधी तुमच्याच माणसाला, तो शेजारी उभा असताना, "ओळखीचे आहेत" म्हटलंय का? खरं सांगा... मग काय केलंत?