पंधरा मिनिटं पुढं

लेक इंग्लंडात असते. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, आज इथं सगळ्यांनी घड्याळं तासभर मागं केली." मी म्हणालो, "आपल्याकडं पुढं करायची पद्धत होती," आणि हसता हसता अहमदपूरच्या आमच्या जुन्या घरात जाऊन पोचलो.

लातूरला नोकरीची पहिली मुलाखत होती, सातची एसटी. उठलो तर भिंतीवरच्या घड्याळात सात दहा. उशीर नको म्हणून आदल्या दिवशी मीच काटा गुपचूप पंधरा मिनिटं पुढं सरकवला होता. ती वजा केली तरी हातात पाचच मिनिटं उरत होती. तोंडावर पाणी मारून स्टँडवर धावलो.

"लातूर गेली का हो?"

कंट्रोलरनं बशीतला चहा सावकाश संपवला. "सातची गाडी साडेसहाला कशी जाईल, साहेब?"

एवढ्यात वडील, आमचे अण्णा, सायकलवर धापा टाकत आले. कॅरिअरला माझी सर्टिफिकिटांची फाईल. ती छातीशी धरली तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

"कागदं ठेवून पळालास का रे? घड्याळ मी पंधरा मिनिटं पुढं केलंय."

"मी पण केलं होतं, अण्णा."

"मग तिसरी पंधरा कुणी?"

दोघांनाही एकदमच आई आठवली.

नोकरी लागली. पण तेव्हा चारचौघांत हसं झालं म्हणून मी चरफडत होतो. आज वाटतं, बरंच झालं. गाडीला अर्धा तास होता. अण्णांनी दोन चहा सांगितले आणि बाकावर सरकून मला जागा केली. इतका वेळ ते माझ्याशेजारी त्याआधी कधी बसले नव्हते.